एसओपी मिळत नाही, दुकानात लाल पोटॅशच आहे. हापूसच्या कलमांना चालेल का?

आगर_गुहागर

नमस्कार मंडळी. पावसाळा तोंडावर आलाय आणि खताचं गणित जुळत नाहीये, म्हणून विचारतो.

बाग अशी: हापूसची ४० कलमं, साधारण १८ वर्षांची. त्यातली २५ चांगल्या मातीच्या उतारावर आहेत, १५ कातळात सुरुंग लावून काढलेल्या खड्ड्यांत. २५ माड, समुद्रापासून ३०० मीटरच्या आत. शिवाय २० गुंठे भात. माती तपासणीच्या पत्रिकेवर सामू (पीएच) ५.६, म्हणजे जमीन आम्ल, आणि पालाश म्हणजे पोटॅश 'कमी' आलाय. शिफारस लिहिलीय ती वर्षाला कलमाला १ किलो पालाश, माडाला १ किलो २०० ग्रॅम, भाताला हेक्टरी ५० किलो.

आता प्रश्न:

१. कलमांना सल्फेट ऑफ पोटॅश म्हणजे एसओपी घाला असं सगळे सांगतात. दुकानात ते नाही. लाल म्युरेट आहे आणि 'पीडीएम' नावाचं काळपट राखेसारखं स्वस्त पोटॅश आहे. त्यातलं काय चालेल, किती घालायचं?
२. लाल आणि पांढऱ्या पोटॅशमध्ये फरक काय? लाल हलकं असतं हे खरं का?
३. एवढं साधं खत दरवर्षी ऐन वेळी गायब का होतं, आणि भाव असा वरखाली का होतो?
४. गेल्या हंगामात काही कलमांची पानं कडेने करपली. एकजण म्हणतो पोटॅश कमी पडलं, दुसरा म्हणतो पोटॅशनेच जळली. कोणाचं खरं धरायचं?

मापात_खत

आधी हिशोब. बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे.

गोणीवर पालाशाचा जो टक्का छापतात तो 'के-टू-ओ' म्हणजे पोटॅशियम ऑक्साइड या रूपात मोजलेला असतो. प्रत्यक्षात त्या नावाचं काही गोणीत नसतं, ती मोजण्याची जुनी पद्धत आहे. प्रयोगशाळेने नुसतं 'के' दिलं असेल तर त्याला १.२ ने गुणा, मग गोणीवरच्या आकड्याशी जुळेल. पत्रिका वाचताना इथे खूप लोक चुकतात.

१ किलो पालाश द्यायचं तर:

म्युरेट म्हणजे एमओपी, ६० टक्के: १ किलो ६७० ग्रॅम
सल्फेट म्हणजे एसओपी, ५० टक्के: २ किलो
पोटॅशियम शोनाइट (पोटॅशियम-मॅग्नेशियमचं सल्फेट), २३ टक्के: ४ किलो ३५० ग्रॅम
पीडीएम, किमान १४.५ टक्के: ६ किलो ९०० ग्रॅम
१५:१५:१५: ६ किलो ७०० ग्रॅम, पण त्यासोबत किलोभर नत्र आणि किलोभर स्फुरदही जातं

पीडीएम 'स्वस्त' दिसतं ते गोणीच्या भावाने. एमओपीच्या एका गोणीतलं पालाश मिळवायला पीडीएमच्या चार गोण्या लागतात. गोणीच्या किमतीला त्यातल्या पालाशाच्या किलोंनी भागा. एमओपीच्या ५० किलोत ३० किलो पालाश, एसओपीत २५, पीडीएममध्ये सव्वासात. मग कळतं स्वस्त काय ते. वर चार गोण्या बागेत डोक्यावरून न्यायची मजुरी वेगळी. कातळावरच्या बागेला ती काही थोडी नसते.

पीडीएम म्हणजे साखर कारखान्याच्या मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारं सांडपाणी बॉयलरमध्ये जाळून मिळालेली राख. ऊस जमिनीतून पालाश उचलतो, ते मळीत येतं आणि शेवटी या राखेत उरतं. माल वाईट नाही. पण त्यात क्लोराइडही असतं आणि ते आम्लारी असतं. तुमच्या ५.६ सामूच्या जमिनीला आम्लारी असणं अडचणीचं नाही. फक्त ते युरियात मिसळून ठेवू नका, अमोनिया उडून जातो. चुलीच्या राखेलाही हाच नियम.

तुमची एकूण गरज: कलमांना ४० किलो पालाश, म्हणजे एसओपी ८० किलो. माडांना ३० किलो, म्हणजे एमओपीची बरोबर एक गोणी. भाताला हेक्टरी ५० किलो पालाश म्हणजे ८३ किलो एमओपी, गुंठ्याला ८३० ग्रॅम, २० गुंठ्यांना पावणेसतरा किलो. म्हणजे एसओपीची खरी गरज फक्त कलमांपुरती आहे. माड आणि भात यांच्यासाठी एसओपी शोधत फिरू नका.

कातळकलम

कलमांचं मी सांगतो, कारण 'आंब्याला म्युरेट चालतच नाही' आणि 'काही होत नाही, घाला बिनधास्त' ही दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत.

एमओपी म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. १ किलो ६७० ग्रॅम एमओपी घातलं की झाडाखाली साधारण ७५० ग्रॅम क्लोराइड जातं. आंबा क्लोराइडच्या बाबतीत नाजूक, ते पानाच्या टोकाला आणि कडेला साठतं आणि तिथली पेशी मरते. एसओपीत क्लोराइड अगदी थोडं, खत नियंत्रण आदेशाप्रमाणे जास्तीत जास्त २.५ टक्के. वर गंधक मिळतं ते वेगळं.

पण क्लोराइड ऋणभारित असतं, माती त्याला धरून ठेवत नाही. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. निचऱ्याच्या उतारावर जूनमध्ये घातलेलं क्लोराइड ऑगस्टपर्यंत मुळांखाली निघून गेलेलं असतं. म्हणून तुमच्या उतारावरच्या २५ कलमांना यंदा नाइलाजाने जूनमध्ये एमओपी दिलं तर आकाश कोसळणार नाही. अट एकच, पाऊस नीट लागल्यावर द्यायचं आणि दोन हप्त्यांत द्यायचं.

कातळातली १५ कलमं मात्र वेगळी. सुरुंगाचा खड्डा म्हणजे दगडाची कुंडी. खालून भेग नसेल तर पावसात पाणी भरून राहतं आणि क्लोराइडला बाहेर पडायला वाट मिळत नाही. पाऊस संपला की तेच पाणी आटत जातं, मीठ दाट होतं, आणि नेमकं ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या उन्हात झाडाला ते प्यावं लागतं. या १५ झाडांना एमओपी नको, पीडीएमही नको. ३० किलो एसओपी कुठूनही मिळवा, तेवढं पुरेल.

आणखी एक. आंब्याला म्युरेट नको म्हणणारे लोक त्याच आंब्याला १५:१५:१५ किंवा १०:२६:२६ घालतात. या मिश्र खतांतलं पालाश बहुतेक वेळा एमओपीतूनच आलेलं असतं. गोणीचं नाव बदललं म्हणून क्लोराइड जात नाही.

घालायची पद्धत. खोडाशी ढीग टाकू नका, अन्न घेणारी बारीक मुळं तिथे नसतात. झाडाचा विस्तार जिथे संपतो त्याच्या थोडं आत, साधारण ३० सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर खोल चर गोल काढा. उतारावर पूर्ण गोल काढू नका, वरच्या अंगाला अर्धचंद्र काढा, म्हणजे वाहून आलेलं झाडाकडेच येईल. चरात आधी शेणखत, त्यावर खत, वर माती, आणि सगळ्यावर पातेरा, म्हणजे सुका पालापाचोळा. पातेऱ्याला कमी लेखू नका. जांभ्या मातीची चिकणमाती केओलिनाइट जातीची असते, तिची पालाश धरून ठेवायची ताकद फार कमी. धरून ठेवतं ते सेंद्रिय द्रव्य. कुजका पातेरा नसेल तर जूनचं पालाश तुमच्या आगरातून थेट व्हाळात आणि तिथून समुद्रात.

वेळ: पहिला मोठा पाऊस होऊन माती भिजली की अर्धं. मुसळधार चालू असताना नाही. उरलेलं अर्धं पाऊस ओसरताना, सप्टेंबरच्या उत्तरार्धात, मातीत ओल असेपर्यंत. दुसरा हप्ता शक्यतो एसओपीचाच, कारण नंतर धुऊन न्यायला पाऊस नसतो.

मापात_खत

कातळकलम, एका गोष्टीवर थोडा मतभेद. क्लोराइड धुऊन जातं हे बरोबर, पण जाताना ते एकटं जात नाही. ऋणभाराबरोबर तेवढाच धनभार जावा लागतो, आणि तो आपल्या हलक्या मातीत कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचाच असतो. म्हणजे एमओपीचा तो 'धुऊन जाणारा' क्लोराइड आपल्याबरोबर थोडं पालाशही ओढून नेतो. जूनमध्ये सगळं एकदम ओतण्याचा तोटा दुहेरी आहे तो असा. दोन हप्त्यांचं तुम्ही म्हणताच आहात, मी म्हणतो उतारावर तीन करा.

कातळकलम

मान्य. मजूर मिळाले तर तीन.

खनिज_आणि_खत

प्रश्न २ आणि ३ एकत्र घेतो, दोन्हींचं उत्तर खाणीतच आहे.

पोटॅशची खनिजं म्हणजे आटलेले प्राचीन समुद्र. समुद्राचं पाणी आटताना आधी चुना आणि जिप्सम खाली बसतं, मग साधं मीठ, आणि अगदी शेवटी पोटॅशियमचे क्षार. मिठागरात जे एका उन्हाळ्यात होतं तेच, पण फार मोठ्या प्रमाणावर. त्या शेवटच्या थरात मिळणारं मुख्य खनिज सिल्वाइट, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ते बहुधा साध्या मिठात मिसळलेलं असतं, त्या दगडाला सिल्विनाइट म्हणतात. दुसरं कार्नालाइट, ज्यात पोटॅशियमबरोबर मॅग्नेशियम क्लोराइड आणि पाणी असतं. मृत समुद्राच्या काठी इस्रायल आणि जॉर्डन हे दोघेही उथळ तळ्यांत पाणी आटवून कार्नालाइटच काढतात. लँगबेनाइट आणि पॉलिहॅलाइट ही सल्फेटवाली खनिजं. पॉलिहॅलाइटमध्ये पालाश साधारण १४ टक्के, बरोबर गंधक, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, आणि क्लोराइड नगण्य. इंग्लंडमधल्या बोलबी खाणीतून ते निघतं.

जगातला पहिला पोटॅश कारखाना १८६१ साली जर्मनीत श्टासफुर्टला निघाला. तिथे खाण मिठासाठी खणली होती, आणि मिठाच्या वरचा हा कडवट थर आधी कचरा म्हणून बाजूला टाकत असत. कॅनडातल्या सस्कॅचेवानचा साठा तेलासाठी भोकं पाडताना सापडला. तो साधारण एक किलोमीटर खोल आहे. वर पाण्याने भरलेल्या वाळूचा थर असल्याने जमीन गोठवून मग विहिरीसारखे उभे मार्ग खणावे लागले.

आता लाल-पांढऱ्याचं. कॅनडाच्या सिल्विनाइटमध्ये लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण अडकलेले असतात, गेरूच तो. दगड दळून, मिठाच्या संपृक्त पाण्यात अमाइन घालून हवेच्या बुडबुड्यांवर पोटॅशचे कण तरंगवतात आणि साधं मीठ खाली राहतं. या पद्धतीत लाली कणातच राहते. तेच पोटॅश गरम पाण्यात विरघळवून पुन्हा स्फटिक केलं की पांढरं होतं. म्हणजे लाल ते हलकं नव्हे, फक्त न धुतलेलं. छापील टक्का दोन्हींचा ६०. जमिनीत घालायला लाल उत्तम. ठिबकमधून सोडायचं असेल तर मात्र पांढरं घ्या, लालातला गाळ ड्रिपर बुजवतो.

एसओपी महाग का? नैसर्गिक सल्फेट खनिजं आणि खारी सरोवरं थोडी, म्हणून बरंचसं एसओपी कारखान्यात बनतं. एमओपी आणि गंधकाम्ल भट्टीत सहाशे अंशांच्या आसपास तापवतात, एसओपी मिळतं आणि हायड्रोक्लोरिक आम्ल बाहेर पडतं. म्हणजे कच्चा माल पुन्हा एमओपीच. एमओपी महागलं की एसओपीही महागतं, वर इंधन आणि आम्लाचा खर्च. शिवाय एमओपीला अनुदान आहे, एसओपीला नाही.

टंचाईचं मूळ असं. जगातलं निम्म्याहून जास्त पोटॅश कॅनडा, रशिया आणि बेलारूस या तीनच देशांतून येतं. भारतात राजस्थानच्या नागौर-गंगानगर पट्ट्यात पॉलिहॅलाइट आणि हॅलाइटचे खोल साठे सापडलेत, पण तिथून अजून खत निघत नाही. त्यामुळे आपण एमओपी जवळजवळ सगळं बाहेरून आणतो, आणि ते वर्षातून एक-दोन मोठ्या करारांच्या भावाने. २०२१ च्या सुरुवातीला भारताचा करार टनाला २४७ डॉलरचा होता. बेलारूसवर निर्बंध आले, १ फेब्रुवारी २०२२ पासून लिथुआनियाने त्यांचा माल क्लायपेडा बंदरात नेणारी रेल्वे वाहतूक थांबवली, त्याच महिन्यात युक्रेनचं युद्ध पेटलं, आणि २०२२ चा करार ५९० डॉलरला झाला. २०२३ मध्ये तो ४२२ वर उतरला.

याला अनुदानाची दुसरी बाजू जोडा. २०१० पासून अनुदान पोषणद्रव्याच्या किलोवर ठरतं आणि वेळोवेळी बदलतं. २०२२ च्या खरिपात पालाशाला किलोमागे २५ रुपये ३१ पैसे होते, म्हणजे एमओपीच्या गोणीला साडेसातशेच्या वर. २०२३-२४ च्या रब्बीत २ रुपये ३८ पैसे, म्हणजे गोणीला ७१ रुपये. म्हणून बाहेर भाव पडला तरी दुकानात तो तेवढा पडलेला दिसत नाही. युरियाची किंमत सरकार बांधून देतं, पोटॅशची नाही. त्यामुळे महाग झालं की शेतकरी आधी पोटॅशच गाळतो.

बंदरावर सुटा माल उतरतो, गोण्या भरतात, मालगाडीने रेक पॉइंटला, म्हणजे गाडी रिकामी करायच्या स्थानकाला, आणि तिथून ट्रकने घाट उतरून आपल्याकडे. घाटावरच्या उसाला पोटॅश भरपूर लागतं, आपली मागणी त्यामानाने चिमूटभर आणि तीही सगळी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. एप्रिल-मेमध्ये घेऊन ठेवणं हाच त्यावरचा इलाज. गोणी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. दमटपणाने खडे झाले तरी खत खराब होत नाही, फोडून वापरा.

आगर_गुहागर

फार उपयोगी माहिती. चौथा प्रश्न राहिला. शिवाय गावातले दोन सल्ले: माडाच्या मुळात दरवर्षी खडेमीठ टाका, पोटॅशची गरज नाही. आणि शिरोड्याच्या मिठागरात मीठ काढल्यावर उरणारं कडू पाणी आणून घाला, त्यात पोटॅश असतं. यात कितपत तथ्य?

माड_पोफळ

खडेमिठात सोडियम आणि क्लोराइड आहे, पोटॅश नाही. तरी ही जुनी रीत अगदी वेडगळ नव्हे. माड हे क्लोराइड मागणारं झाड आहे, समुद्रापासून लांबच्या बागांत क्लोराइड कमी पडल्याने उत्पन्न घटल्याचं दिसतं, तिथे मीठ घातल्याचा गुण येतो. पण तुमचे माड समुद्रापासून ३०० मीटरवर. खाऱ्या वाऱ्यातूनच त्यांना हवं तेवढं क्लोराइड मिळतं, आणि एमओपीत ४५ टक्के आहेच. तुम्ही मीठ घालून फक्त सोडियम वाढवाल. आंब्याला जे एमओपीतलं नको असतं तेच माडाला हवं असतं, म्हणून माडाला एसओपी घालणं म्हणजे पैसे वाया.

कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेची शिफारस पूर्ण वाढलेल्या माडाला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद, १२०० ग्रॅम पालाश. पालाश नत्राच्या दुपटीहून जास्त, हे लक्षात घ्या. आपल्याकडे नेमकं उलट करतात, युरिया ओततात आणि पोटॅश विसरतात. १२०० ग्रॅम म्हणजे एमओपी २ किलो. पावसावरच्या बागेत एक तृतीयांश पावसाच्या सुरुवातीला, म्हणजे ६५० ग्रॅम, आणि उरलेलं १ किलो ३५० ग्रॅम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. बुंध्यापासून १.८ मीटरपर्यंतचं आळं, त्यात पसरून मातीत मिसळा.

इतकं पालाश घालताना मॅग्नेशियम मागे पडतं, दोघांची मुळाशी शर्यत असते. खालच्या झावळ्या पिवळ्या पडून मधल्या शिरेजवळचा भाग हिरवा राहिला तर मॅग्नेशियम कमी आहे. माडाला वर्षाला ५०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट द्या. पालाश कमी असेल तर खालच्या झावळ्यांवर नारिंगी-पिवळे ठिपके येतात आणि पात्यांची टोकं वाळतात.

आणि सोडणं फेकू नका. नारळाच्या सोडणात पोटॅश भरपूर असतं. आळ्यात, पोकळ बाजू वर करून थराने पुरा. ओलही धरतात.

कडू पाण्याचं: तथ्य आहे, पण तुमच्या कामाचं नाही. समुद्राच्या एका लीटरमध्ये पोटॅशियम फक्त साधारण ३९० मिलिग्रॅम. एका माडाचं वर्षाचं पालाश काढायला अडीच हजार लीटर समुद्र आटवावा लागेल. मीठ काढून उरलेल्या पाण्यात ते दाट होतं हे खरं, पण त्यात मॅग्नेशियम क्लोराइड आणि सोडियम त्याहून कितीतरी जास्त. तसंच ओतलंत तर मुळं मरतील. भावनगरच्या मीठ संशोधन संस्थेने याच पाण्यातून पोटॅशियम शोनाइट वेगळं काढायची पद्धत बसवली आहे. ते पालाश आणि मॅग्नेशियम दोन्ही देतं, क्लोराइड कमी. पण ते कारखान्याचं काम आहे, घमेल्याचं नव्हे.

कातळकलम

चौथ्याचं उत्तर. करपलेली कड दोन्हींत दिसते, म्हणून फोटो बघून कोणी छातीठोक सांगत असेल तर ऐकू नका. झाडापाशी उभं राहून चार गोष्टी बघा.

पालाश कमी असेल तर जुनी पानं आधी धरतात. कड करपायच्या आधी पानावर विखुरलेले पिवळट ठिपके येतात, आणि हे महिनोन्‌महिने हळूहळू वाढतं. क्षाराने जळलेलं असेल तर टोकाकडून सुरू होऊन कडेने वर चढतं. मेलेला भाग आणि हिरवा भाग यांच्यात रेघ मारल्यासारखी हद्द असते. खत घातल्यावर किंवा पाऊस थांबल्यावर काही आठवड्यांतच दिसतं. तिसरी शक्यता खारा वारा: झाडाची फक्त समुद्राकडची बाजू करपलेली आणि मागची हिरवी असेल तर खताला दोष देऊ नका, गडग्याकडेला वारा अडवणारी झाडं लावा. चौथं, कोणती झाडं करपली ते मोजा. कातळातल्या पंधरांतलीच जास्त असतील तर संशय क्लोराइडवर. खात्री हवी तर पानाचा नमुना प्रयोगशाळेत देताना पालाश आणि क्लोराइड दोन्ही मागा.

फवारणीचंही सांगून ठेवतो. फळ वाटाण्याएवढं, गोटीएवढं आणि अंड्याएवढं असताना १ टक्का पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे १३:०:४५, लीटरला १० ग्रॅम, २०० लीटरच्या पिंपाला २ किलो. बादलीत आधी विरघळवून फडक्याने गाळून घ्या. ऊन उतरल्यावर फवारा. एमओपी कधीही फवारायचं नाही. जमिनीत घालायचं दाणेदार एसओपीही पंपात टाकू नका, विद्राव्य प्रत वेगळी येते. एसओपी आणि कॅल्शियम नायट्रेट एका पिंपात घातलंत तर जिप्सम होऊन नोझल चोंदतो.

हे जमिनीतल्या पालाशाला पर्याय नाही, हेही सांगतो. १० लीटर फवारा म्हणजे झाडावर ४५ ग्रॅम पालाश. तुमची गरज १ किलोची.

मापात_खत

एसओपी टंचाईच्या काळात पांढरं एमओपी एसओपी म्हणून खपवायचे प्रकार होतात, म्हणून घरची परीक्षा. काचेच्या पेल्यात १०० मिली पाणी, त्यात २० ग्रॅम खत, ढवळा.

एमओपी: सगळं विरघळतं आणि पेला हाताला चांगलाच गार लागतो, तापमान आठ-दहा अंशांनी उतरतं. लाल असेल तर तळाशी किंवा वर गेरूचा पातळ थर, पण पाणी स्वतः जवळपास रंगहीन. पाणी सरबतासारखं लाल झालं तर वरून रंग मारलेला आहे.
साधं मीठ: विरघळतं, पण गारवा दोन-तीन अंशांचाच.
एसओपी: सगळं विरघळतच नाही. साध्या तापमानाला १०० मिलीत ११-१२ ग्रॅमच मावतं, बाकी तळाशी राहतं. '०:०:५०' म्हणून आणलेलं चटकन पूर्ण विरघळून पेला थंडगार झाला तर ते एसओपी नाही.

ही परीक्षा मीठ आणि एमओपी ओळखायला आहे, टक्का मोजायला नाही. संशय आला तर गोणी शिवलेलीच ठेवा, पावती जपा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. खत निरीक्षकाने रीतसर घेतलेल्या नमुन्यालाच कायद्यात किंमत आहे, तुम्ही पुडीत नेलेल्याला नाही.

'नैसर्गिक पोटॅश' नावाने दगडाची पूड विकायला येतील. फेल्डस्पार किंवा ग्लॉकोनाइट असेल, पोटॅशियम असतं त्यात, पण दगडात घट्ट बांधलेलं. एका हंगामात झाडाला काही लागत नाही. पालाश मोकळं करणारे जिवाणूही तसेच. जमिनीत साठा असेल तर ते मोकळा करतील, आपल्या जांभ्या मातीत मुळात साठाच थोडा.

आगर_गुहागर

मोजून पाहिलं. करपलेली ११ कलमं, त्यातली ९ कातळातली, आणि टोकाकडूनच सुरुवात. गेल्या ऑक्टोबरात सगळ्यांना १५:१५:१५ दिलं होतं.

यंदाचं असं ठरवतो: कातळातल्या १५ ना एसओपी ३० किलो. उतारावरच्या २५ ना जूनमध्ये अर्धा हप्ता एमओपी, झाडाला ८३० ग्रॅम, आणि सप्टेंबरात अर्धा हप्ता एसओपी, झाडाला १ किलो. माडाला एमओपी २ किलो दोन हप्त्यांत, मॅग्नेशियम सल्फेट अर्धा किलो. भाताला लावणीच्या वेळी सव्वाआठ किलो आणि पोटरीच्या आधी तेवढंच. एमओपी एकूण ८८ किलो, म्हणजे दोन गोण्या. एसओपी ५५ किलो.

मापात_खत

बरोबर आहे. एमओपीचे १२ किलो उरतील, ते पोफळी-केळींना जाईल. भाताचा दुसरा हप्ता देताना वाफ्यातलं पाणी उतरवून घ्या आणि दोन दिवस बांधाचं तोंड बंद ठेवा, नाहीतर खालच्या मळ्याला फुकट पोटॅश.

कातळकलम

कातळातल्या खड्ड्यांचं मेअखेरीस एक करा. पहारीने तळाशी खालच्या अंगाला भेग सापडते का बघा. एक चांगली भेग मोकळी झाली तर पुढच्या वर्षी एसओपीसाठी एवढी धावाधाव लागणार नाही. आणि त्या ९ झाडांना यंदा १५:१५:१५ अजिबात नको, नत्र युरियातून आणि स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्या.